खासदाराचा निवडणूक खर्च : मोजला जातो तो महिना आणि बाकीची वीस वर्षं (ठाणे लोकसभा)

कोर्टनाका

परवा फ्लेक्सच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, मग ठाण्यासारख्या मतदारसंघात ती पुरते कशी? त्यावर चार स्मायल्या पडल्या आणि चर्चा घोडबंदरच्या खड्ड्यात गेली. प्रश्न चांगला होता, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी पालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. २०१४ आणि २०१९ ला माझी ड्यूटी मतदान केंद्रावर न लागता खर्चाच्या लेखा पथकात लागली, त्यामुळे थोडंफार आतून बघितलंय. कुठल्या उमेदवाराचं काम होतं ते विचारू नका, सांगणार नाही. पक्षांची उणीदुणी काढायला दुसरे धागे आहेत.

आधी साधा भागाकार. २०२४ ला ठाणे मतदारसंघात २५ लाखांच्या आसपास मतदार होते. मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर. ९५ लाखांत मतदारामागे चार रुपयेही येत नाहीत. घरटी एक पत्रक आणि एक स्लिप पोचवायची म्हटली तरी छपाई आणि वाटणाऱ्या पोरांची रोजी यातच बराचसा पैसा उडतो. सभा, गाड्या, रिक्षावरचा भोंगा, बूथवरच्या माणसांचा चहा-नाश्ता हे सगळं त्यानंतर. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मर्यादा होती २५ हजार. २००३ ला ती २५ लाख झाली, २०११ ला ४० लाख, २०१४ ला ७० लाख, आणि २०२२ पासून ९५ लाख. आणि तरीही उमेदवारांनी भरलेले हिशेब बघितलेत तर बहुतेक सगळे मर्यादेच्या बरेच आत असतात!

लोक म्हणतात हिशेब खोटे असतात. असतीलही. पण मला त्यापेक्षा वेगळं सांगायचंय. हिशेब अगदी शंभर टक्के खरा असला तरी तो कशाचा असतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं (१९५१) कलम ७७ सांगतं की उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च लिहायचा. २०२४ ला आपल्याकडे अर्ज २६ एप्रिल ते ३ मे, मतदान २० मे, निकाल ४ जून. म्हणजे धरून चाला महिना-सव्वा महिना. ठाण्यातला महायुतीचा उमेदवार तर मे उजाडल्यावर जाहीर झाला. त्याआधी जे काही झालं ते कलम ७७ च्या वहीत येत नाही.

आणि आपल्याकडे खासदार काही महिनाभरात तयार होत नाही. सतीश प्रधान ठाण्याचे पहिले महापौर, मग राज्यसभेत. प्रकाश परांजपे नगरसेवक, मग १९९६ पासून लागोपाठ चार वेळा लोकसभा. संजीव नाईक नवी मुंबईचे पहिले महापौर, २००९ ला खासदार. राजन विचारे नगरसेवक, महापौर, आमदार, खासदार. नरेश म्हस्के नगरसेवक, महापौर, खासदार. पक्ष कुठलाही घ्या, जिना तोच. वॉर्डातून वर. प्रत्येक पायरीवर दहीहंडी आहे, नवरात्र आहे, वह्यावाटप आहे, गणपतीला कोकणात सोडायच्या गाड्या आहेत, रुग्णवाहिका आहे, दिवाळी पहाट आहे, कॅलेंडर आहे. हा सगळा पैसा कुणाचा, किती, कुणाच्या नावावर, हे कुठल्याच वहीत नाही. अर्ज भरायला जाईपर्यंत माणसाचं नाव घराघरात पोचलेलं असतं. महिन्याच्या हिशेबात मग उरतं काय, तर मिरवणूक आणि आभाराचे फलक.

माझ्या मते मर्यादा ९५ लाख असावी की ५ कोटी हा वाद दुय्यम आहे. तारीख कुठून सुरू करायची हा खरा वाद आहे. तुमचं काय म्हणणं?

ऐरोली_सेक्टर_५

चार रुपये! आमच्या सोसायटीत निवडणुकीच्या आधीच्या वर्षात एका इच्छुकाने लिफ्टच्या लॉबीला फरशी बसवून दिली. ती धरा हिशेबात.

वसुधा_नौपाडा

कोर्टनाका, लेख आवडला. मी १९७७ ची निवडणूक पाहिलेली आहे, तेव्हा कॉलेजात होते. रामभाऊ म्हाळगी आणीबाणीत तुरुंगात होते, सुटून आले आणि जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकरी चिन्हावर ठाण्यातून उभे राहिले. सभेत झोळी फिरायची. माझ्या आईने भाजीच्या पैशांतली नोट टाकलेली मला आठवते, आणि वडील घरी येऊन तिच्यावर चिडले होते, कारण त्यांनीही टाकली होती. १९८० ला म्हाळगी पुन्हा निवडून आले. आमदार असल्यापासून ते मतदारांना दरवर्षी कामाचा छापील अहवाल द्यायचे. भाईंदरजवळ उत्तनला त्यांच्या नावाची प्रबोधिनी आहे, ती बहुतेकांना माहीत असते, अहवालाची गोष्ट कमी लोकांना.

तेव्हा सगळे साधू होते असं मी म्हणत नाही. पण पैसा समोरून यायचा आणि समोर दिसायचा. त्यांच्यानंतरच्या काळात प्रा. राम कापसे कल्याणहून यायचे, तेव्हा ठाण्यातच कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर सगळं होतं. देशातल्या सगळ्यांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक. २००८ च्या पुनर्रचनेत कल्याण वेगळं झालं. एवढा मोठा मतदारसंघ त्या वेळच्या मर्यादेत कसे फिरत असतील याचं मला आजही नवल वाटतं.

घणसोलीचा_पोरगा

एक बाळबोध प्रश्न. खासदारांना वर्षाला ५ कोटी मिळतात ना? मग प्रचाराला वेगळे पैसे कशाला लागतात? आमच्याकडे प्रत्येक बाकड्यावर नाव आहे.

कोर्टनाका

@घणसोलीचा_पोरगा, बाळबोध नाही, बऱ्याच जणांचा हा समज आहे. खासदार निधी १९९३ ला सुरू झाला, २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. कोरोनात मध्ये बंद होता. पण तो पैसा खासदाराच्या हातात येतच नाही. खासदार कामं सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, काम सरकारी यंत्रणेकडून. आचारसंहिता लागली की नवं काम नाही. बाकड्यावरचं नाव मात्र निवडणूक नसतानाही जाहिरात करतच असतं. म्हणून तर आचारसंहितेत त्या पाट्यांवर कागद चिकटवत फिरतात. आमची माणसं गोंदाचा डबा घेऊन हिंडायची, आणि कागद दुसऱ्या दिवशी उन्हाने सुटून लोंबायचा.

सीए_वाशी

कोर्टनाका काका, छान विषय. थोडी कायद्याची भर घालतो, कारण तारखेइतकंच दुसरं एक भोक मोठं आहे.

९५ लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे. पक्षाला कसलीही मर्यादा नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीतल्या लोकसभेच्या खटल्यात सांगितलं होतं की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरायचा. सरकारने लगेच त्याच वर्षी अध्यादेश काढून कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडलं आणि निकालातली हवाच काढून घेतली. २००३ ला ते स्पष्टीकरण बदललं, आता पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळतात. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० जण जाहीर करता येतात, बाकीच्या नोंदणीकृत पक्षांना २०.

त्यात पोटनियम आहेत. स्टार प्रचारकाने उमेदवारासोबत व्यासपीठावर बसून सभा घेतली, किंवा सभेत त्याच्या नावाचे-फोटोचे फलक लागले, की सभेचा खर्च उमेदवाराच्या डोक्यावर. उमेदवार त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये बसला तर प्रवासाचा निम्मा खर्च त्याच्या नावे. म्हणून काही वेळा उमेदवार दुसऱ्या गाडीने येतो. लोकांना वाटतं नेत्याशी बिनसलंय!

पक्षाने लोकसभेनंतर ९० दिवसांत निवडणूक आयोगाला आपला हिशेब द्यायचा असतो. तो हिशेब अख्ख्या पक्षाचा, त्यात ठाण्यावर नेमके किती गेले हे शोधणं म्हणजे डोळे फोडून घेणं.

ऐरोली_सेक्टर_५

सीए साहेब, आणि निवडणूक रोखे, नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायचे? ते तर गेले ना आता?

सीए_वाशी

गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनापीठाने रद्द केले. २०१७ च्या अर्थसंकल्पात घोषणा, जानेवारी २०१८ ला अधिसूचना, फक्त स्टेट बँकेत विक्री, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे. त्याच वेळी कंपन्यांच्या देणगीवरची तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली होती, तीही निकालात परत आली. स्टेट बँकेने नावं जाहीर करायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे निवडणूक उरकल्यावर. कोर्टाने ११ मार्चला ती फेटाळली आणि १४ मार्चला यादी आयोगाच्या संकेतस्थळावर आली. सगळ्यांत मोठी खरेदीदार निघाली एक लॉटरीची कंपनी, फ्यूचर गेमिंग, १३६८ कोटी. सगळ्यांत जास्त रोखे भाजपने वटवले, पण खात्यात शून्य असलेले मोठे पक्ष बोटावर मोजण्याइतके.

पण लक्षात घ्या, रोखे पक्षाच्या खात्यात जातात. खासदाराच्या कारकिर्दीत तो पैसा नेमका कुठे उतरतो हे त्या यादीतूनही कळत नाही. ठाण्याच्या माणसाला त्या यादीचा उपयोग शून्य. मूळ मुद्द्यावर या.

संपादक

पक्षांच्या रोख्यांवरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे भांडा.

शाखेचा_माणूस

मी कार्यकर्ता आहे, कुठला ते सोडा. काकांचा लेख वाचून जरा वाईट वाटलं, म्हणून लिहितो. रुग्णवाहिका, वह्या, कोकणच्या गाड्या या तुम्ही प्रचाराच्या खात्यात टाकल्या. रात्री दोनला ज्याच्या घरी माणूस कोसळतो तो लेखा पथकाला फोन करत नाही, शाखेत करतो. आनंद दिघेसाहेबांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही, टेंभीनाक्यावर बसून लोकांची कामं केली. त्या कामाला पण निवडणूक खर्चच म्हणणार का?

आणि पैशाचं म्हणाल तर निम्मं काम पैशाने होतच नाही. मंडप घालणारा आपला, त्याच्या पोरीच्या शाळेच्या प्रवेशाला कुणीतरी धावलेलं असतं. तो बिल देतो, पण वर्षाने, आणि अर्धं सोडून देतो. जेवण बनवणारे वॉर्डातलेच. बॅनर रात्री लावणारी पोरं मंडळाची, त्यांना वडापाव आणि कटिंग दिला की पहाटेपर्यंत थांबतात. हे तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिणार?

कोर्टनाका

@शाखेचा_माणूस, दादा, तुमचं दुखणं समजतं, आणि रात्री दोनची रुग्णवाहिका मीही वापरली आहे. ती वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? मी म्हणतो ती कुणाच्या पैशाने चालते ते दारावर लिहा. नाव तर लिहिलेलंच असतं, फोटोसकट. डिझेल कोण भरतो तेवढंच नसतं.

आणि 'कुठल्या रकान्यात' म्हणाल तर ते ऐका, कारण तेच आमचं काम होतं.

उमेदवाराला एक नोंदवही मिळते, तीन रंगांची पानं. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत १० हजारांपेक्षा जास्त द्यायचे असतील तर रोख चालत नाही. प्रचाराच्या काळात तीनदा ती वही निरीक्षकांसमोर आणून दाखवायची. आणि इकडे आमच्याकडे त्याच उमेदवाराची दुसरी वही चालू असते, तिला छाया नोंदवही म्हणतात. व्हिडिओ पथक सभेचं चित्रीकरण करून आणतं, पाहणी पथक ते बघून वस्तू मोजतं, आम्ही जिल्ह्याच्या दरपत्रकाने रक्कम लावतो. दरपत्रक सगळ्या पक्षांना बोलावून ठरवतात. त्यात चहापासून ढोल-ताशापर्यंत सगळं असतं.

तर एक सभा. संध्याकाळची. आमच्या खोलीत एक जुना मॉनिटर, पंखा खरखरतोय, आणि आम्ही तिघं चित्र थांबवून खुर्च्या मोजतोय. रांगेत किती, रांगा किती. कॅमेरावाल्याने मागचा भाग घेतलेलाच नाही, अंधार. मग पुढचं मागचं जुळवून अंदाज. खुर्चीला कव्हर आहे का ते बघायचं, कारण साधी खुर्ची आणि कव्हरवाली खुर्ची यांचा दर वेगळा. सोफा स्टेजवर किती. मागचा फलक किती फूट बाय किती फूट, तर बाजूला उभ्या माणसाच्या उंचीवरून. दुसऱ्या दिवशी उमेदवाराचा हिशेबनीस आला. त्याच्या वहीत आमच्यापेक्षा कितीतरी कमी खुर्च्या. विचारलं तर म्हणतो, 'साहेब, बाकीच्या रिकाम्या होत्या.' मी म्हटलं, रिकाम्या खुर्चीचं भाडं लागत नाही का? तर शांतपणे म्हणाला, 'लागतं, पण त्या पाहुण्या पक्षाने आणल्या होत्या.' युती होती ना! वाद मिटेपर्यंत दोन चहा झाले, ते मात्र आमच्या खर्चाने.

तो हिशेबनीस हुशार होता, आणि खोटं बोलत होता असंही मला वाटलं नाही. खुर्च्या खरंच तीन ठिकाणांहून आल्या असतील. यंत्रणा खुर्च्या मोजू शकते. वर्षाने बिल अर्धं सोडणारा मंडपवाला तिला दिसत नाही. शाखेचा_माणूस, तुम्ही जे लिहिलंत तेच मी म्हणतोय, फक्त तुम्हाला त्यात आपुलकी दिसते आणि मला उधारी. मंडपवाला उरलेलं अर्धं कधीतरी मागतोच. पालिकेचं कंत्राट असेल, एखादी परवानगी असेल.

शाखेचा_माणूस

सगळेच मागत नाहीत काका. पण मागणारे असतात, ते नाकारत नाही.

पत्रकवाला

आमचा छापखाना होता, वागळे इस्टेटला. कलम १२७ अ. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक यांची नावं-पत्ते टाकावे लागतात, आणि छापल्यावर नमुना निवडणूक कार्यालयात पाठवायचा. तळाची ती बारीक ओळ कुणी वाचत नाही. पुढच्या वेळी घरात पत्रक आलं की वाचा, कळेल कुणी छापलं म्हणतात ते. म्हणतात, असं लिहिलंय, नोंद घ्यावी.

आणि अर्जाच्या आधी छापून ठेवलं तर खर्चात येत नाही असं काकांच्या लेखातून वाटेल, ते तसं नाही. माल आधी घेतला पण वापरला अर्जानंतर, तर तो धरतात.

कोर्टनाका

@पत्रकवाला बरोबर, झेंडे, टोप्या, पत्रकं आधी घेतली तरी वापरली की धरतात. पण आधी छापून आधीच वाटलेलं कॅलेंडर धरत नाहीत. ते डिसेंबरपासून स्वयंपाकघरात लटकलेलं असतं, मे महिन्यातही.

मिशिगनवासी

मी मूळचा कोपरीचा, हल्ली डेट्रॉइटजवळ. इकडचं थोडं सांगतो, कारण आमचे खासदार मराठी आहेत. श्री ठाणेदार. (नाव ठाणेदार, गाव बेळगाव.) मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र, १९७९ ला अमेरिकेत, मग प्रयोगशाळांचा धंदा, तो एकदा बुडाला, पुन्हा उभा केला आणि विकला. त्यांचं मराठी आत्मचरित्र तिकडे बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक लढवली, स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त घातले, आणि तिसरे आले. २०२० ला राज्याच्या विधानसभेत, २०२२ ला अमेरिकन काँग्रेसमध्ये, मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून.

इथे खर्चाला मर्यादाच नाही. १९७६ चा बकली विरुद्ध व्हॅलेओ निकाल, पैसा खर्च करणं म्हणजे मत मांडणं, त्यावर बंधन नको. बंधन आहे ते देणगीवर. २०२४ च्या निवडणुकीला एका माणसाने एका उमेदवाराला एका लढतीसाठी जास्तीत जास्त ३३०० डॉलर. स्वतःच्या खिशातून मात्र हवे तेवढे. आणि २०० डॉलरच्या वर दिलेत की तुमचं नाव, गाव, धंदा, कुठे नोकरी करता, सगळं सरकारी संकेतस्थळावर. मी एकदा शंभर-शंभर करून तीनदा दिले होते, तर माझं नाव दिसतं. बायकोने शोधून काढलं. देणगी ज्याला दिली तो तिला पसंत नव्हता, तो वेगळा विषय.

पण कोर्टनाका यांनी लिहिलेली पळवाट इथेही आहे, दुसऱ्या दाराने. २०२२ च्या त्या पक्षांतर्गत लढतीत ठाणेदारांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी बाहेरच्या एका गटाने, एपॅक या इस्रायलसमर्थक संघटनेशी जोडलेल्या सुपर पॅकने, ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केले. ते उमेदवाराच्या खात्यात येतच नाहीत, कारण ते 'स्वतंत्र' खर्च. ठाणेदार स्वतःच्या पैशांवर लढले आणि जिंकले.

त्यातही गंमत बघा. उमेदवार स्वतःच्या प्रचाराला कर्ज देऊ शकतो, आणि निवडून आल्यावर देणग्या गोळा करून ते कर्ज स्वतःला परत फेडू शकतो. आधी त्यावर अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. टेड क्रूझ यांच्या खटल्यात २०२२ च्या मे महिन्यात ती उडवली. म्हणजे देणगीदार पैसे देतो ते प्रचाराला नाही, आधीच खासदार झालेल्या माणसाच्या खिशात!

सीए_वाशी

@मिशिगनवासी, हे भारीच. आपल्याकडे खर्चावर मर्यादा आणि देणाऱ्याचं नाव धूसर. तुमच्याकडे देणाऱ्याचं नाव छापील आणि खर्च मोकाट. मला विचाराल तर मी तुमचं घेईन. मर्यादा कागदावरची असते, नाव तरी शोधता येतं. पक्षाला २० हजारांच्या वरची देणगीच आयोगाला कळवावी लागते, कलम २९ क. १९,९९९ च्या पावत्या फाडल्या की झालं.

वसुधा_नौपाडा

मी नाही घेणार. मर्यादा नसेल तर आपल्याकडे बिल्डर सोडून दुसरं कुणी उभंच राहणार नाही. आत्ताच अनामत २५ हजार आहे, एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की जप्त. शाळामास्तर उभा राहील का?

ऐरोली_सेक्टर_५

ताई, मर्यादा आहे तरी मास्तर कुठे उभा राहतो?

जांभळीनाका_८८

बरं पण एवढ्या वह्या, एवढी पथकं, शेवटी कुणाची खासदारकी-आमदारकी गेली का कधी खर्चावरून? गोपीनाथ मुंडे २०१३ ला मुंबईतल्या एका कार्यक्रमात जाहीरपणे म्हणाले होते की २००९ ला बीडमध्ये ८ कोटी खर्च झाले. मर्यादा २५ लाख. आयोगाने नोटीस पाठवली. २०१४ ला ते पुन्हा निवडून आले आणि केंद्रात मंत्रीही झाले.

सीए_वाशी

गेली आहे, पण क्वचित. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, पैसे देऊन छापवलेल्या बातम्यांचा खर्च दाखवला नाही म्हणून. आपल्याकडे अशोक चव्हाणांची २००९ ची भोकरची निवडणूक याच कारणाने गाजली होती. त्यांना आयोगाने २०१४ ला नोटीस दिली, ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली.

कलम १० अ नीट वाचा. हिशेब वेळेत आणि ठरलेल्या पद्धतीने दिला नाही तर तीन वर्षं अपात्र. अपात्र होतात ते बहुतेक हिशेबच न दिलेले अपक्ष, ज्यांना मतं शंभर-दोनशे. ज्याच्याकडे चांगला हिशेबनीस आहे तो अडकत नाही.

घणसोलीचा_पोरगा

हे हिशेब आपल्याला बघायला मिळतात का? की माहिती अधिकारात अर्ज टाकायचा?

कोर्टनाका

माहिती अधिकाराची गरजच नाही. निवडणूक नियम १९६१, नियम ८८. एक रुपया फी भरून कुणीही, मतदार असो नसो, उमेदवाराचा हिशेब बघू शकतो. साक्षांकित प्रत हवी असेल तर तिची फी वेगळी. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो. ठाण्याचं ते कार्यालय कोर्टनाक्याला, जिल्हाधिकारी कार्यालयात.

जायचं तर सकाळी जा, दुपारी साहेब मीटिंगला असतात. अर्जात निवडणुकीचं वर्ष, मतदारसंघाचं नाव आणि उमेदवाराचं पूर्ण नाव लिहा. बघताना नुसती बेरीज बघू नका. पैसा कुठून आला याचा गोषवारा असतो, त्यात स्वतःचे, पक्षाने दिलेले, इतरांकडून आलेले असे वेगळे आकडे असतात. 'इतर'खालची नावं वाचा. मला विचाराल तर तेच एक पान वाचण्यासारखं. शपथपत्र, नमुना २६, ते तर घरबसल्या आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा. मालमत्ता, कर्ज, उत्पन्नाचं साधन. पाच वर्षांत काय बदललं ते खर्चाच्या वहीपेक्षा जास्त बोलतं.

पत्रकवाला

एक रुपया सुट्टा न्या. त्यांच्याकडे सुट्टे नसतात.

घणसोलीचा_पोरगा

मी शुक्रवारी जातोय, अर्धा दिवस रजा टाकली आहे. ऐरोली, येणार का?

ऐरोली_सेक्टर_५

येतो. ठाणे स्टेशनला पश्चिमेला भेटू, साडेदहा. वसुधाताई, तुमचं काय?

वसुधा_नौपाडा

मी चालत येईन, नौपाड्यातून कितीसं आहे. कोर्टनाका, जाण्याआधी एक विचारते. तुम्ही सतीश प्रधानांचं नाव घेतलंत, ते राज्यसभेत होते. राज्यसभेच्या खासदारांचा हिशेबही तिथेच असतो का? असला तर तोही बघते.

कोर्टनाका

नाही ताई, तो कुठेच नसतो. कलम ७६ मध्ये स्पष्ट लिहिलंय, खर्चाचं हे सगळं प्रकरण फक्त लोकसभेला आणि विधानसभेला लागू. राज्यसभा आणि विधान परिषदेला ना मर्यादा, ना वही, ना पांढरी-गुलाबी पानं. शपथपत्र तेवढं भरावं लागतं, ते संकेतस्थळावर मिळेल.

शुक्रवारी मीही येतो. त्या खोलीत पंखा बदललाय का बघायचंय.

ऐरोली_सेक्टर_५

काका आले तर चहा त्यांच्याकडून. वहीत लिहा.

जांभळीनाका_८८

शुक्रवारला लागून दुसरा शनिवार येत नाही ना? जाऊन कुलूप बघाल.

कोर्टनाका

शनिवार-रविवार तसंही बंदच असतं, पाच दिवसांचा आठवडा झाला. शुक्रवारी उघडं आहे, मी फोन करून विचारलंय. २०१९ आणि २०२४ दोन्हीचा अर्ज करणार आहे. म्हटले आहेत की जुन्या वह्या काढायला वेळ लागेल, तेव्हा डबा घेऊन या.